सत्तावीस नंबरचा घाणा

माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं. सिंगापुरात हौगांगच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा नागपूरच्या सवयीनं मी दाराबाहेर तशी पाटी ठोकली, आणि तिसऱ्याच दिवशी शेजारच्या चिनी आजीबाई गुडघा दाखवायला दारात उभ्या राहिल्या. मी त्यांना समजावलं की मी माणसांचा नव्हे, भाजलेल्या मातीचा डॉक्टर आहे. त्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ‘एवढं शिकून हा मातीच भाजतो’ असा चेहरा करून त्या लिफ्टकडे चालू लागल्या. सुजातानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याच संध्याकाळी पाटी उतरवली.

आजीबाईंचं फारसं चुकलं नव्हतं. मी फेराइट करतो. कॉम्प्युटरच्या वायरीला टोकाशी एक फुगवटा असतो, अजगरानं उंदीर गिळावा तसा. त्याच्या पोटात जी काळी कुळकुळीत नळी असते ती फेराइटची. लोखंडाचा गंज घ्यायचा, त्यात मँगनीज आणि झिंक यांची भुकटी मिसळायची, दळायचं, साच्यात दाबायचं आणि भट्टीत भाजायचं. निघते ती चिनी मातीसारखी ठिसूळ वस्तू, पण चुंबकाचे गुण असलेली. तुमच्या मोबाइलच्या चार्जरमध्येही एक तुकडा असतो. तो नसेल तर चार्जर विटेएवढा होईल.

लोकांना यात एकच गोष्ट पटत नाही. चुंबकाचे गुण आहेत, पण हा चुंबक नव्हे. एकदा एक गिऱ्हाईक पेटीभर माल घेऊन परत आलं. रागानं लाल. म्हणाले, सगळा माल खराब आहे, एकही तुकडा फ्रिजला चिकटत नाही. मी त्यांना सांगितलं, साहेब, हा चिकटायला केलेलाच नाही. वीज वाहते तेव्हा यानं चुंबक व्हायचं, वीज उलटली की उलटं व्हायचं, सेकंदात हजारो वेळा, आणि कुरकुर करायची नाही. ते म्हणाले, म्हणजे माझ्या मॅनेजरसारखा. आणि पेटी घेऊन शांतपणे निघून गेले.

आता या कुरकुरीवरच माझं पोट. सेकंदात हजारो वेळा उलटसुलट होताना फेराइट तापतं. जितकं तापलं तितकी वीज वाया. ते थंड राहावं म्हणून त्यात चिमूटभर परकं काहीतरी घालायचं, याला आमच्यात डोपिंग म्हणतात. मी हे आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं धावपटूंच्या बातम्या वाचलेल्या होत्या, त्यामुळे ती दचकली. “तू हे धंदे करतो काय बाप्पा?” मग नीट समजावल्यावर म्हणाली, “अस्सं. पाकात लिंबू पिळते तसं. दोन थेंबानं पाकाची साखर होत नाही.” मला पीएचडीला पाच वर्षं लागली होती.

दोन थेंबांचंच काम आहे हे. पण कुठला थेंब कुठे जातो ते महत्त्वाचं. फेराइट भाजल्यावर आतून एकसंध नसतं, बारीक कणांची भिंत असते. कोबाल्ट घातलं तर ते कणाच्या आत शिरून लोखंडाच्या खुर्चीवर बसतं आणि त्या कणाचा स्वभावच बदलतं. चुना आणि सिलिका, म्हणजे वाळूतला तो पांढरा अंश, घातले तर ते आत जात नाहीत. ते दोन कणांच्या मध्ये, विटांमधल्या फटींत सिमेंट बसावं तसे, काचेच्या पातळ पापुद्र्यासारखे बसतात. मग वीज एका कणातून दुसऱ्यात उडी मारू शकत नाही आणि माल थंड राहतो. अर्थात चिमूट जास्त झाली तर एखादा कण फुगून शेजाऱ्यांना गिळतो आणि सगळा घाणा वाया जातो. घाणा हा माझा शब्द. लॅबमध्ये बॅच म्हणतात. पण चकल्यांचा काय, फेराइटचा काय, एका वेळी भाजून निघतो तो घाणा.

तर ही गोष्ट सत्तावीस नंबरच्या घाण्याची. 

आमची लॅब बुओना व्हिस्टाला. मी रोज हौगांगहून गाडी धरायचो, आऊट्रम पार्कला बदलायचो, आणि लॅबमध्ये शिरलो की पहिला नमस्कार को अंकलना. अंकल आमचे टेक्निशियन. साठी ओलांडलेली, केस तेल लावून मागे फिरवलेले, खिशात दोन पेनं. उमेदीची वर्षं त्यांनी वाट्या-बशांच्या कारखान्यात काढली होती. कुठलीही पावडर बोटांत चोळून ते सांगायचे, ही दोन तास आणखी दळा. यंत्रावर मोजली की अंकल बरोबर. ते बोलायचे सिंगापूरचं इंग्रजी. इथे मी ते मराठीत उतरवतो आहे, पण त्यांचे ‘कॅन’, म्हणजे साधारण ‘चालेल’, ‘कॅनॉट’, म्हणजे ‘चालणार नाही’, आणि वाक्याच्या शेपटीचा ‘ला’ तसेच ठेवले आहेत. त्यांना माझ्याकडे तोडीचा शब्द नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला झापलं होतं. वजनाच्या वहीत एक आकडा चुकला म्हणून मी तो शाळकरी पोरासारखा गिरगटून काळा केला. अंकल मागे उभे.

“डॉक्टर, कॅनॉट. एकच रेघ मारायची. शेजारी सही, तारीख. चुकलेलं पण वाचता आलं पाहिजे ला.”

“चुकलेलं वाचून काय करायचं, अंकल?”

“कोणी सांगावं, उद्या तेच बरोबर निघेल.”

तेव्हा मी हसलो होतो.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला आई नागपूरहून आमच्याकडे मोठ्या मुक्कामाला आली. आमच्या घरी त्या सुमाराला धम्मचक्र प्रवर्तन दिन. अंगणात चोवीस आऱ्यांचं चक्र रांगोळीनं काढायचं, हा आईचा वर्षानुवर्षांचा नेम. सिंगापुरात अंगण नाही, सार्वजनिक कॉरिडॉर आहे, हे मी फोनवर सांगितलं होतं. रांगोळी आणू नकोस हे सांगायचं राहिलं. विमानतळावर मी काचेपलीकडून पाहतो तो काय, आईच्या बॅगेतून कस्टमच्या माणसानं तीन किलो पांढरी पूड बाहेर काढलेली.

ज्या देशात उतरण्याआधी भरायच्या कार्डावरच अमली पदार्थांना काय शिक्षा आहे ते लाल अक्षरांत छापलेलं असतं, त्या देशात!  मला आत बोलावलं तोवर पुडा कात्रीनं कापून नमुना घेतलेला होता. मी इंग्रजीत काहीतरी बरळत होतो. आईला भाषेचा पत्ता नाही, पण अडचण कळली. तिनं पुड्यात हात घातला आणि त्या माणसाच्या स्टीलच्या टेबलावर चिमटीनं भराभर एक आठ पाकळ्यांचं कमळ काढलं. मग त्याच्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे ‘समजलं?’

तो माणूस कमळाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “ओके, आंटी.” टेबल मात्र मला पुसायला लावलं.

फाटलेला पुडा घरी आला आणि घरभर पांढरं व्हायला लागलं. आईची भुणभुण सुरू झाली, बरणी दे, बरणी दे. मी लॅबमधून दोन रिकाम्या बाटल्या आणल्या. रुंद तोंडाच्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या, पांढऱ्याशुभ्र. त्यांवर अंकलच्या वळणदार अक्षरात ‘झिंक ऑक्साइड, अतिशुद्ध’ असं लेबल. मला वाटलं टाकायच्याच आहेत. आणि चांगल्या झाकणाची बाटली टाकून देणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मला नाही.

टाकायच्या नव्हत्या. अंकल त्या बाटल्या फक्त झिंकसाठी पुन्हापुन्हा वापरायचे, दुसऱ्या कशाचा स्पर्श होऊ नये म्हणून. दोन आठवड्यांनी ते मला म्हणाले, “डॉक्टर, माझ्या बाटल्या दिसत नाहीत.” मी चोरासारखा, “बघतो.” दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत आईकडून एक रिकामी करून घेतली आणि अंकल जेवायला गेले असताना गुपचूप फळीवर ठेवून दिली. दुसरी भरलेली होती, ती राहिली घरी.

अंकलनी लेबल ओळखलं, आपली बाटली आपल्याला भेटली म्हणून तीत नवं झिंक ऑक्साइड भरलं. पांढऱ्या बाटलीत पांढरी पावडर. तळाशी काय चिकटलंय ते कुणाला दिसणार?

आता माझा मोठेपणा. त्या वेळी चार्जर करणाऱ्या एका कंपनीला थंड राहणारं फेराइट हवं होतं. चुना-सिलिकेची चिमूट या धंद्यातल्या जुन्या लोकांना पाठ आहे. पण मला ती जुनाट वाटायची. मी ठरवलं की सगळा कच्चा माल अतिशुद्ध घ्यायचा, चुना-सिलिकेचा वाराही लागू द्यायचा नाही, आणि नुसत्या कोबाल्टनं करून दाखवायचं. सव्वीस घाणे झाले. बरे होते, एवढंच.

सत्ताविसावा भट्टीतून निघाला. मी मीटरला लावला आणि आकडा पाहून मीटर बंद केला. पुन्हा चालू केला. वाया जाणारी वीज जवळजवळ निम्मी झाली होती. दुसरं मीटर आणलं. तेच. माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. मी आमच्या प्रमुख डॉ. चियांकडे अक्षरशः पळत गेलो. बाई मोजून बोलणाऱ्या. त्यांनी तिसऱ्यांदा मोजायला लावलं आणि मग विचारलं, “नक्की?”

“कोबाल्ट,” मी म्हणालो. एक तुकडा रासायनिक तपासणीला पाठवला, फॉर्मवर फक्त कोबाल्टच्या रकान्यात खूण केली, आणि उत्तर आलं की हो, कोबाल्ट आहे. होतंच! मीच घातलं होतं. बाकी काय आहे हे मी विचारलंच नव्हतं. मी चाळीस स्लाइड केल्या. गिऱ्हाइकासमोर टाय लावून बोललो. घरी आठ वर्षांच्या मैत्रीला, माझ्या मुलीला, सांगितलं की बाबानं नवीन शोध लावला. तिनं अस्सल सिंगापुरी शंका काढली, “फॉर रिअल, मेह?” आई म्हणाली, “नजर नको लागू देऊ पोराला,” आणि माझ्या सासऱ्यांना फोन लावून दिला.

अठ्ठावीस नंबर फसला. एकोणतीसही. तीस, एकतीस, सगळे पहिल्या सव्वीसांसारखे. गिऱ्हाईक दर आठवड्याला फोन करायचं. मार्च गेला, एप्रिल आला. डॉ. चियांनी मला समोर बसवलं. “मिलिंद, कोबाल्ट बरोबर असेल तर फक्त एकाच घाण्यात का?”

तेव्हा मी ते वाक्य लिहिलं. अहवालाच्या चौथ्या पानावर, सभ्य इंग्रजीत: वजन घेताना चूक झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. म्हणजे सत्तावीसमध्ये चुकून काहीतरी कमी-जास्त पडलं असावं. कुणाकडून ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. लॅबमध्ये वजन एकच माणूस घेत होता.

शपथेवर सांगतो, वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर अंकल नव्हते, व्याकरण होतं. अंकलचं कंत्राट दर वर्षी जूनमध्ये नवं व्हायचं. मेच्या सुरुवातीला डॉ. चियांनी मला बोलता बोलता सांगितलं की या वर्षी ते नवं करणार नाही. “मी त्यांची वही मागवून पाहिली,” त्या म्हणाल्या. “हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. आणि वही नीट नाही.” अंकलची वही नीट नाही? मला नवल वाटलं. पण मी नुसती मान हलवली. माझ्या मानेनं आयुष्यात केलेलं सगळ्यात वाईट काम.

मे महिन्यात इथे वेसाकची सुट्टी असते, आपली बुद्धपौर्णिमा. सकाळी आई कॉरिडॉरमध्ये बैठक मारून चक्र काढत होती, मैत्री दोरीचं टोक धरून बसली होती, आणि मी चहाचा कप घेऊन मालकासारखा उभा होतो. आईनं शेजारी ठेवलेली बाटली उचलली, चिमटी भरली. बाटलीवर अंकलचं अक्षर. झिंक ऑक्साइड, अतिशुद्ध.

“आई, ही बाटली...”

“तूनंच आणली नं. दोन होत्या. एक तू परत घेऊन गेला.”

“तिच्यात पण रांगोळी होती?”

“मग काय साखर होती? मी म्हटलं धुवून देते, तर तूच म्हणाला, ओली चालत नाही, घाई आहे, झटकून दे. झटकली. तळाला राहिली असंल चमचा-अर्धा चमचा. काहून?”

चहा माझ्या पायावर सांडला. गरम होता. मला कळलंच नाही, मैत्री ओरडली तेव्हा कळलं.

रांगोळी म्हणजे काय? पांढऱ्या दगडाची पूड. म्हणजे काय? चुना. आणि सिलिका. मी सहा महिने पहारा देऊन ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं, ते माझ्याच हातानं, माझ्याच आईच्या चिमटीतून आत गेले होते. माझा शोध, माझ्या चाळीस स्लाइड, माझा टाय! मी भिंतीला टेकलो. आईनं वर पाहिलं. “रांगोळीवर पाय देऊ नको,” ती म्हणाली.

या क्षणी सरळ माणसानं फोन उचलून डॉ. चियांना सांगितलं असतं. मी शास्त्रज्ञ ना! मी स्वतःला सांगितलं, आधी सिद्ध करू. पुरावा हवा. भ्याडपणाला याहून चांगला कोट मिळत नाही. सोमवारी बामच्या रिकाम्या डबीत चिमूटभर रांगोळी घालून मी लॅबमध्ये गेलो आणि अंकलना म्हणालो, चौतीस नंबरच्या घाण्यात ही एवढी घाला. कोबाल्ट नको.

अंकलनी डबी उघडली. दोन बोटांत पूड घेतली, चोळली, आणि त्यांचा हात थांबला.

“अरे,” ते म्हणाले. “हीच ती.”

“कोण ती?”

अंकलनी पूड परत डबीत टाकली, बोटं पुसली आणि वजनकाट्याकडे वळले. मला एकदम त्यांची वही आठवली. नीट नसलेली वही. ती फळीवर होती. मी सत्तावीस नंबरचं पान काढलं.

खाली, वजनांच्या आकड्यांनंतर, एक ओळ होती: झिंक संपवताना शेवटी खरखरीत लागलं. डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर म्हणाला, कॅन.

ती ओळ खोडलेली होती. पट्टीनं मारावी तशी एक सरळ रेघ. शेजारी अंकलची सही. तारीख मात्र त्या दिवसाची नव्हती. एप्रिलमधली होती. माझा अहवाल गेला त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी तिथेच स्टुलावर बसलो. मग आठवलं. दारात उभे राहिलेले अंकल, हातात बाटली, “डॉक्टर, यात वाळू आहे.” मी फोनवर, गिऱ्हाइकाशी, हात हलवून, “कॅन, कॅन! चक्कीत दळली जाईल ला.” सिंगापुरी होण्याची मला भारी हौस. ते ‘ला’सुद्धा मला स्पष्ट ऐकू आलं.

“अंकल, ही ओळ का खोडली?”

ते वजन घेत होते. आकडा स्थिर होऊ दिला. मग म्हणाले, “बॉसनं वही मागितली. पान उघडलं तर हे. म्हटलं, आयो. तू लिहिलंस वजन चुकलं. म्हणजे तू विसरलास. हे वाचलं तर बॉस म्हणेल, डॉक्टर खोटं बोलला. तू खोटं नाही बोललास, विसरलास. पण बॉसला कसं कळणार? तुझी मुलगी लहान, आई आलेली. मी म्हातारा ला.”

“मग पानच काळं करायचं ना! नाहीतर फाडायचं.”

अंकलनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान झालो. “कॅनॉट,” ते म्हणाले. “एकच रेघ.”

तुम्हाला लक्षात येतंय ना काय झालं ते? डॉ. चियांनी ती खोडलेली ओळ वाचली होती. वाचता येत होती, अंकलचा नियमच तसा होता. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं आधी डॉक्टरवर ढकललं, मग घाबरून खोडलं. माझ्यासाठी मारलेली ती रेघ त्यांच्याच गळ्यात पडली होती. एवढ्या वर्षांत को अंकलनी वहीत एकच खोटी दुरुस्ती केली, आणि ती पकडली गेली.

चौतीस नंबर भट्टीतून निघायला अजून चार दिवस होते. मी पुराव्यासाठी थांबलो नाही. अंकलच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि त्या खोडलेल्या ओळीशेजारी लिहिलं: ही ओळ खरी आहे. सही, तारीख. अंकल “नको, नको ला” म्हणत मागे आले, पण मी वही घेऊन जिना चढलो होतो.  

डॉ. चियांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“तुमच्या आईची काय?”

“रांगोळी.”

“ते केमिकल आहे?”

“नाही. म्हणजे, हो. त्यानं जमिनीवर चित्र काढतात.”

“आणि ते तुम्ही माझ्या झिंकच्या बाटलीत ठेवलंत.”

“मी नाही, आईनं. म्हणजे मीच.”

बाईंनी चष्मा काढला. वहीचं पान पुन्हा वाचलं, रेघेखालचं, रेघेशेजारचं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मला वाटलं होतं त्या माझ्यावर ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि खाली वजनाच्या खोलीत गेल्या. एरवी लोक त्यांच्याकडे जात, त्या कुणाकडे जात नसत. दारात उभं राहून म्हणाल्या, “मिस्टर को, मी चुकीचं वाचलं. सॉरी.”

अंकलचे कान लाल झाले. त्यांनी फळीवरची ती बाटली काढून पुढे केली. “बॉस, ही फेकून द्या. आता ही झिंकची राहिली नाही.”

चौतीस नंबर सत्तावीसच्या बरोबरीनं निघाला. गिऱ्हाइकाला आम्ही खरं ते कळवलं, रांगोळीचं नाव न घेता: चुना इतका, सिलिका इतकी. पुढे या दोन्ही गोष्टी शुद्ध स्वरूपात मोजून घातल्या आणि माल चालू झाला. माझ्या चाळीस स्लाइड रद्द झाल्या. त्या वर्षी माझी बढती होणार होती, तिचं पुन्हा नाव निघालं नाही, आणि काढायचं तोंड मलाही नव्हतं. चौथ्या पानावरचं वाक्य मी नव्या अहवालात मागे घेतलं. ‘चुकीची बाटली आणली: मी. खरखर ओळखली: को. ऐकलं नाही: मी.’ डॉ. चियांनी शेवटची तीन वाक्यं जास्त घरगुती आहेत म्हणून सुधारली, पण नावं ठेवली.

अंकलचं कंत्राट नवं झालं. सगळं भरून निघालं असं मला लिहायला आवडलं असतं. पण एक गोष्ट राहिली. वजन चुकलं असावं, हे माझं वाक्य त्यांच्या कानावर गेल्यापासून अंकल प्रत्येक वजन दोनदा घ्यायला लागले होते. एकदा घ्यायचं, काटा शून्यावर आणायचा, पुन्हा घ्यायचं. वीस-तीस वर्षं एकदाच घेणारा माणूस. मी सांगितलं, अंकल, आता गरज नाही, तुमचं कधी चुकलंच नव्हतं. “कॅन, कॅन,” म्हणायचे, आणि दोनदाच घ्यायचे. वर्षभरानं स्वतःहून निवृत्त झाले, तोवर दोनदाच. कागदावरचं वाक्य मी मागे घेतलं. त्यांच्या हातातलं मला मागे घेता आलं नाही.

निवृत्तीनंतरच्या वेसाकला मी त्यांना हौगांगला जेवायला बोलावलं. संत्र्यांची पिशवी घेऊन आले. आई कॉरिडॉरमध्ये चक्र काढत होती. अंकल गुडघे मोडून तिच्याशेजारी बसले आणि तिच्या चिमटीतून पडणाऱ्या धारेकडे एकटक पाहायला लागले. मला वाटतं, मनातल्या मनात वजन करत असावेत. आईचा एक आरा जरा वाकडा गेला. तिनं ओलं फडकं उचललं.

“आंटी, कॅनॉट!” अंकल एकदम म्हणाले.

आई दचकली. “काय म्हणते हा?”

“म्हणतात, पुसायचं नाही,” मी म्हणालो. “चुकलेलं दिसलं पाहिजे.”

“चक्र वाकडं ठेवू? सणाच्या दिवशी?” आई माझ्याकडे पाहत होती. मग तिनं अंकलकडे पाहिलं. त्यांचा हात अजून हवेत होता. आईनं फडकं खाली ठेवलं, त्या वाकड्या आऱ्याशेजारचा पुढचा आरा सरळ काढला आणि गोल पुरा केला.

अंकलनी बोट नाचवत आरे मोजले. मग, सवयीनं, पुन्हा पहिल्यापासून मोजले.

“चोवीस,” ते म्हणाले. “कॅन.”